दांडखारच्या उघाडीची पाळी

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
खाडीकाठ भूवापर नियंत्रण प्राधिकरण,
उपकार्यालय, पनवेल, जि. रायगड.

विषय : मौजे दांडखार येथील खारबांधाच्या उघाडीस लावलेले सील आषाढ अमावास्येच्या उधाणापूर्वी काढणे अथवा काढू देणे याबाबत.

संदर्भ :
१) आपला अंतरिम आदेश, दि. १९ मे २०२५.
२) माझा अर्ज, दि. २६ जून २०२५ ('थोडक्यात लिहावे' या शेऱ्यासह परत).
३) दांडखार ग्रामस्थांचा अर्ज, दि. ३० जून २०२५ (छायाचित्राअभावी प्रलंबित).
४) आपले पत्र, दि. ११ जुलै २०२५.
५) माझा वकालतनामा मागे घेण्याच्या अर्जावरील रोजनामा, दि. १७ जुलै २०२५.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ च्या माझ्या अर्जावर आपल्या कार्यालयाने 'थोडक्यात लिहावे' असा शेरा मारून तो परत केला. शेरा मी शिरोधार्य मानतो. थोडक्यात असे : दांडखारची उघाडी बंद आहे, आत पाणी चढत आहे, बांध खचू लागला आहे, येत्या गुरुवारी अमावास्या आहे, आणि सील आपले आहे. यापुढील सर्व मजकूर हा या एका वाक्याचा पुरावा होय. पुरावा मात्र थोडक्यात देता येत नाही. थोडक्यात दिलेला पुरावा आपलेच कार्यालय 'अपुरा' म्हणून परत करते.

२. मी पनवेल येथे पर्यावरण व भूवापर कायद्याची वकिली करतो, आणि ती प्रायः विकासकांच्या व कंपन्यांच्या बाजूने करतो. जासईकडची गोदामे असोत वा पळस्प्याच्या नाक्यावरील पेट्रोलपंप, जमीन अकृषिक करण्यापासून किनारा नियमनाच्या ना-हरकतीपर्यंत अनेक प्रकरणांत मी आपल्यासमोर उभा राहिलो आहे. या व्यवसायाबद्दल मला संकोच वाटत नाही. ज्यास बांधकाम करावयाचे आहे त्यास नियमाची रेषा नेमकी कोठून जाते हे दाखविणे आणि रेषेच्या अलीकडे त्याचा हक्क असेल तर तो शेवटच्या हातापर्यंत भांडून मिळविणे, यात गैर काही नाही. प्रस्तुत प्रकरणातही मे. नीलतट गोदामे प्रा. लि. (यापुढे 'कंपनी') हिची मालकी सातबाऱ्यावर निर्विवाद आहे, असे मी मे महिन्यात म्हटले होते आणि आजही म्हणतो. हा अर्ज कंपनीच्या मालकीविरुद्ध नाही. तो पाण्याविषयी आहे, आणि पाणी सातबारा पाहून चालत नाही.

३. उघाडी म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक असेलच. तथापि आपल्या ११ जुलैच्या पत्रावरून तसे गृहीत धरण्याचे धाडस मला होत नाही, म्हणून नमूद करतो. दांडखारची वस्ती, तिची भातखाचरे आणि जुनी मिठागरे या सर्वांची जमीन खाडीच्या भरतीच्या पातळीखाली आहे. खाडी आणि जमीन यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. त्या बांधात दगडी चौकट आहे आणि चौकटीत खोबणींतून वरखाली सरकणारा फळ्यांचा दरवाजा आहे. हीच उघाडी. ओहोटी लागली की दरवाजा उचलावयाचा, म्हणजे आतले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती यावयाच्या आत तो टाकावयाचा, म्हणजे खारे पाणी आत येत नाही. असे दिवसातून दोन वेळा उचलणे आणि दोन वेळा टाकणे. कायम बंद किंवा कायम उघडी अशी स्थिती उघाडीस नसते. तशी ती झाली तर बांधाला भोक पडलेले बरे.

४. हे काम गावात पाळीने चालते, आणि पाळीचे नियम आपल्या कोणत्याही नियमावलीहून कमी कडक नाहीत. दरवाजा उचलण्यासाठी लांब दांड्याचा एक लोखंडी आकडा आहे. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दाराशी तो बाहेरून सर्वांस दिसेल असा टांगलेला असतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत ते घर मुक्कामास बाहेरगावी जात नाही. घरात सुतक, आजारपण अथवा लग्न निघाले तर बांधावर चारचौघांसमक्ष आकडा दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. ज्याने तो घेतला तो पुढील अमावास्येपर्यंत बांधला गेला, मग तो कोणीही असो. मिठागरे चालू होती त्या काळी परगावच्या एका मुकादमाने संपूर्ण श्रावण महिना पाळी केल्याचा पूर्वदाखला मला गावात एकाहून अधिक वृद्धांनी, एकमेकांच्या गैरहजेरीत, सारख्याच तपशिलासह सांगितला. पाळीदारास गाव हुकूम देऊ शकत नाही. गावाने 'थांब' म्हटले तरी ओहोटीला दरवाजा त्यास उचलावाच लागतो. हा शेवटचा मुद्दा पुढे परिच्छेद ११ मध्ये उपयोगी पडणार असल्याने कृपया लक्षात ठेवावा.

५. कंपनीने मिठागरांच्या जागेवर भराव केला. त्या भरावाची परवानगी मीच आपल्या कार्यालयातून मिळवून दिली, आणि ती रीतसर आहे. पूर्वी वस्तीतले जादा पाणी मिठागरांत पसरत असे. भराव झाल्यावर ते कोठे जाईल, असा प्रश्न सुनावणीत आपणच विचारला होता. उघाडी चालू असेपर्यंत वस्तीस बाध येणार नाही, असे उत्तर मी दिले. आपण ते मान्य केलेत आणि परवानगीत अट क्र. ७ घातलीत : 'उघाडी सदैव चालू स्थितीत ठेवावी.' माझे ते उत्तर आजही अक्षरशः खरे आहे. फक्त ज्या गोष्टीच्या आधारावर ते उभे होते, ती गोष्ट आपण कुलूपबंद केली आहे. वकिलाचा शब्द हा पुराव्यावर उभा असतो. पुरावा कोणी काढून नेला तर शब्द परत मागण्याचा अधिकार वकिलास असावा, असे माझे नम्र मत आहे.

६. कुलूप कसे लागले, तेही नमूद करणे प्राप्त आहे. उघाडीची चौकट कंपनीच्या सर्व्हे नंबरात येते. ती आमची, असे कंपनीचे म्हणणे. ती पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पाळीने चालते, असे ग्रामस्थांचे म्हणणे. उभय पक्षांत बांधावर झोंबाझोंबी झाली. मी कंपनीतर्फे, ग्रामस्थांस तेथे येण्यास मनाई व्हावी असा अर्ज केला. आपण, उभय पक्षांस समान अंतरावर ठेवण्याच्या हेतूने, ग्रामस्थ व कंपनी तसेच त्यांचे नोकर, हस्तक व प्रतिनिधी यांस उघाडीपासून पन्नास मीटरच्या आत येण्यास मनाई केलीत आणि त्या अंतरावर दोरी बांधून उघाडीस सील लावण्याचे आदेश दिलेत. न्यायबुद्धी म्हणून त्यात दोष काढता येत नाही. सील लावले त्या घटकेस भरती होती, म्हणून दरवाजा खाली होता. ओहोटी असती तर तो वर असताना सील झाला असता, आणि आज मी याच्या नेमका उलट अर्ज लिहीत बसलो असतो.

७. मे महिना कोरडा गेला. जूनमध्ये पाऊस लागला. आतले पाणी निघण्यास दुसरा मार्ग नाही. आपल्या क्षेत्र निरीक्षक श्रीमती स्नेहल तांडेल या १० जुलै रोजी सील शाबूत आहे का, हे तपासण्यास आल्या. सील शाबूत होते. त्यांच्या पायाखालचा बांध मात्र तितकासा शाबूत नव्हता. पन्नास मीटरच्या दोरीबाहेर उभे राहून मी त्यांस तो दाखविला, तेव्हा त्या पंचांसमक्ष जे बोलल्या ते जसेच्या तसे देतो : "सर, मला पण दिसतंय पाणी. मी काय आंधळी आहे का? पण ऑर्डरमध्ये भरती-ओहोटी कुठे आहे? मी कुलूप काढलं तर उद्या इन्क्वायरी माझी. तुम्ही येणार का माझी बाजू मांडायला, फुकट?" हे त्यांनी एकांतात म्हटले असते तर मी येथे लिहिले नसते. त्यांचे म्हणणे कायद्याने बिनचूक आहे आणि त्यांच्यावर कोणतीही कार्यवाही होऊ नये, अशी माझी स्वतंत्र विनंती आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही अभिलेखावर असावे म्हणून लिहितो : होय, फुकट.

८. आता आपल्या ११ जुलैच्या पत्राकडे वळतो. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली : ग्रामस्थांच्या अर्जासोबत सीलबंद उघाडीचे स्थाननोंदीसह छायाचित्र नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. ते छायाचित्र काढण्यास उघाडीजवळ जावे लागते; जवळ जाण्यास ग्रामस्थांस आपलीच मनाई आहे; आणि मनाई मोडून काढलेले छायाचित्र जोडले तर अर्जासोबत गुन्ह्याचा पुरावाही दाखल होतो. दुसरी : स्थळपाहणी ४ ऑगस्ट रोजी ठेवली असून, 'स्थळी पाणी साचले असल्यास पाहणी पाणी ओसरल्यानंतर घेण्यात येईल.' महोदय, हे वाक्य मी अनेकदा वाचले. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. परंतु पाणी ओसरण्यासाठी दरवाजा उघडावा लागतो, दरवाजा उघडण्यासाठी सील काढावे लागते, सील काढण्यासाठी पाहणी व्हावी लागते, आणि पाहणीसाठी पाणी ओसरावे लागते. या वर्तुळात शिरण्याची वाट मला सापडलेली नाही. आपणांस ती दिसत असेल तर कृपया लेखी कळवावी. शिवाय ४ ऑगस्टला भांगाची भरती असेल, म्हणजे खाडी अगदी सौम्य असेल. वाघ झोपलेला असताना त्याचे दात मोजल्यासारखी ती पाहणी होईल.

९. दि. १२ जुलै रोजी मी दांडखारला पुन्हा गेलो. बांधाच्या पायथ्याशी, दोरीच्या लगत बाहेर, श्रीमती गुणाबाई घरत यांचे घर आहे. त्या विधवा असून एकट्या राहतात. जानेवारीत कंपनीतर्फे जागा पाहण्यास मी प्रथम गेलो होतो, तेव्हा त्यांनी बांधावर मला अडवून म्हटले होते, "आला कंपनीचा वकील. बूट काढ, बाला. बांध हाय ह्यो, तुजा हापीस नाय." मी बूट काढले नव्हते. या वेळी ते काढावेच लागले, कारण पाणी त्यांच्या पायरीवर होते. त्या खाटेवर बसल्या होत्या. "कोंबऱ्या खाटेवर, मी खाटेवर," त्या म्हणाल्या, "आता तुजा सायब आयला तं त्याला बी खाटेवरच बसवीन. पर त्याला इचार, पानी वर आयला तं ह्यो सील मी कोनाला दावू?" हा प्रश्न मी त्यांच्या वतीने नव्हे, केवळ टपालवाहक म्हणून, आपल्यापर्यंत पोहोचवीत आहे.

घराच्या मागे, उघाडी आणि घर यांच्या मध्ये, बांधाची आतली बाजू खचली आहे. धोका भरतीपेक्षा ओहोटीत अधिक आहे, हे येथे समजून घ्यावे लागेल. भरतीच्या वेळी बाहेरचे पाणी बांधास टेकू देते. ओहोटीला तो टेकू निघतो आणि आतल्या पाण्याचा सगळा भार भिजलेल्या मातीवर येतो. उधाणाची भरती जितकी चढते, तितकीच त्यानंतरची ओहोटी खोल जाते. अमावास्येच्या सुमारास बांधास खांड पडली तर ती ओहोटीच्या वेळी पडेल, आणि पुढील भरती त्या खांडीतून वस्तीत शिरेल. पहिले घर गुणाबाईंचे आहे. कंपनीचा भराव बांधाच्या माथ्याहून उंच आहे, म्हणून पाणी त्या बाजूस जाणार नाही. ते कोणत्या बाजूस जाईल, हे आपल्या मंजूर नकाशावर पातळ्यांच्या आकड्यांसह दिले आहे. तो नकाशा मीच सादर केला होता.

१०. त्यानंतर १४ जुलै रोजी कंपनीच्या कार्यालयात माझी एक बैठक झाली. उघाडी उघडण्यास कंपनीनेच संमती द्यावी, असा सल्ला मी तेथे दिला. वकील म्हणून दिलेला सल्ला मी स्वतः उघड करीत आहे, आणि त्याचा परिणाम काय व्हावयाचा तो भोगण्यास तयार आहे. परंतु त्यावर अशिलाने काय उत्तर दिले ते सांगण्यास मला कायद्याने मनाई आहे, आणि ते मी सांगणार नाही. आपण विचारले तरी नाही, वरिष्ठ न्यायालयाने विचारले तरी नाही. त्याच दिवशी दुपारी मी वकालतनामा मागे घेण्याचा अर्ज दिला आणि १७ जुलैच्या रोजनाम्यान्वये आपण तो मंजूर केलात, एवढेच अभिलेखावर आहे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, इतकेच मी म्हणतो.

११. दि. २० जुलै, रविवार. मी दांडखारला गेलो, या वेळी कोणाचाही वकील नसताना. दोरीच्या बाहेर बांधावर गाव जमले होते. चालू पाळी श्री. काशिराम कडू यांच्या घराची आहे. आकडा त्यांच्या हातात होता, आणि महिनाभर तो निरुपयोगी होता. त्यांनी मला हाक मारली. पुढील संभाषण मी तेथेच टिपून घेतले असून हजर असलेल्यांच्या सह्या त्यावर आहेत.

काशिराम म्हणाले, "मुश्ताकभाय, आमाला हात लावाची बंदी. कंपनीला बंदी. तुमी आता कोनाचे?"

मी म्हणालो, कोणाचाच नाही.

"मंग धरा."

मागून कोणीतरी ओरडले, "काशिनाना, वकिलाला फी काय देशील?"

"फी? सुका जवला देईन पायलीभर. घेतंय का इचार."

गुणाबाई आपल्या दारातून म्हणाल्या, "जवला नको देऊ, बूट ठेव त्याचे इथंच. मंग पलून नाय जायाचा."

मी आकडा घेतला.

आता या कृतीचा कायदेशीर अर्थ. आपला आदेश ग्रामस्थ, कंपनी आणि त्यांचे नोकर, हस्तक व प्रतिनिधी यांस बंधनकारक आहे. मी ग्रामस्थ नाही. माझे घर पनवेलच्या बाजारपेठेत आहे. मी कंपनीचा प्रतिनिधी नाही. ते आपणच १७ जुलैस लिहून दिले आहे. मी ग्रामस्थांचाही प्रतिनिधी नाही : त्यांचा वकालतनामा माझ्याकडे नाही, जमिनीवरील त्यांच्या मालकीचा दावा मला आजही मान्य नाही, आणि सुका जवळा मी स्वीकारलेला नाही. तो घरी आणला असता तर आनंदच झाला असता, पण त्यायोगे हितसंबंध निर्माण होतो. राहता राहिला आक्षेप हा की, आकडा देणारे ग्रामस्थ आहेत म्हणून मी त्यांचा हस्तक ठरतो. त्याचे उत्तर परिच्छेद ४ च्या अखेरीस आहे. पाळीदार गावाच्या हुकमात नसतो. तो केवळ पाण्याच्या वेळेस बांधील असतो. सबब आपल्या आदेशाची मनाई ज्याला लागू होत नाही आणि गावाच्या वहिवाटीने जो बांधला गेला आहे, असा या तालुक्यात आज एकच इसम आहे, आणि तो हा अर्ज लिहीत आहे.

सील ही मात्र निराळी बाब आहे. मनाई लागू नसली तरी शासकीय सील तोडण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तो अधिकार आहे, असे मी म्हणत नाही. हा अर्ज त्यासाठीच आहे.

१२. पाळी जाहीर असणे हा वहिवाटीचा भाग असल्याने आकडा मी, बुधवारी मुक्कामास बांधावर जाईपर्यंत, माझ्या कार्यालयाच्या दाराशी, रस्त्यावरून दिसेल असा टांगला आहे. माझे कार्यालय घराच्याच पुढील खोलीत आहे. माझी पत्नी शहाबानो हिने तो पाहून विचारले, "हे काय लटकवलंय? मुअक्किल येतील ते म्हणतील, वकिलानं वकिली सोडून गोश्तचं दुकान काढलं." मी तिला सर्व हकीकत सांगितली. तिने दोनच प्रश्न विचारले : "सनद जाईल का?" आणि "त्या बाई एकट्या राहतात का?" पहिल्याचे उत्तर 'शक्य आहे' असे दिले, दुसऱ्याचे 'होय'. त्यानंतर तिने आकड्याखाली एक बादली ठेवली, कारण त्यातून गंजाचे पाणी पायरीवर ठिबकत होते. हा तपशील मी अशासाठी देतो की, आकडा उघडपणे टांगलेला होता, लपविलेला नव्हता, हे सिद्ध करण्याची वेळ आल्यास साक्षीदार उपलब्ध असावा.

१३. दुसरीकडे दाद का मागितली नाही, असे आपण विचाराल. मागितली आहे. आपल्या आदेशाविरुद्ध अपिलीय प्राधिकरणाची तारीख २८ जुलै आहे. अमावास्या २४ जुलैला आहे, आणि ती पुढे ढकलण्याची तरतूद मला कोठे आढळली नाही. इतर ज्या कार्यालयांकडे गेलो त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि 'सील आमचे नाही' असे सांगितले. ते खरेच आहे. या सर्व प्रवासात मला एकही दुष्ट मनुष्य भेटला नाही. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. त्या चोखपणाखाली एक वस्ती पाण्यात उभी आहे.

१४. वरील सर्व कारणास्तव विनंती की,

(अ) बुधवार, दि. २३ जुलै रोजी सायंकाळची ओहोटी लागण्यापूर्वी आपल्या अधिकाऱ्यामार्फत सील काढून उघाडी उचलण्यात यावी, आणि अपिलाचा निर्णय होईपर्यंत ती पाळीप्रमाणे चालू द्यावी. आपले शिपाई पाळी करणार असल्यास आकडा मी आनंदाने त्यांच्या स्वाधीन करीन. मात्र तो चारचौघांसमक्ष बांधावरच घ्यावा लागेल, आणि घेतल्यावर मुक्कामास घरी जाता येणार नाही.

(आ) ते शक्य नसल्यास, तटस्थ इसम म्हणून मला सील काढण्याची लेखी परवानगी द्यावी. एक ओळ पुरेल. आपल्या थोडक्यात लिहिण्याच्या आग्रहाशी ते सुसंगतही होईल.

(इ) (अ) व (आ) दोन्ही शक्य नसल्यास, बुधवारी सायंकाळी साडेपाच वाजता आपला एक जबाबदार अधिकारी बांधावर हजर ठेवावा. मी त्यांच्या व पंचांच्या समक्ष सील तोडीन, दरवाजा उचलीन, आणि भरती परतण्यापूर्वी तो टाकीन. पंचनामा त्यांनी करावा. माझी सही मी अगोदरच देऊन ठेवीन. दरवाजा खाली आला की त्यांनी हवे तर पुन्हा सील लावावे, माझी हरकत नाही. पुढच्या ओहोटीस ते मला पुन्हा तोडावे लागेल, म्हणून लाख पुरेशी आणावी. माझ्यावर कोणत्या कलमाखाली कार्यवाही होईल ते आगाऊ कळविल्यास माझा बचाव व्यवस्थित तयार ठेवता येईल. घाईत लिहिलेला बचाव मला आवडत नाही.

१५. एक गोष्ट राहिली. गुरुवारी अमावास्येला माझी पाळी संपते आणि आकडा पुढच्या घरी जातो. पाळीचा क्रम ठरलेला आहे. तो मी बदलू शकत नाही, आपणही बदलू शकत नाही. काशिराम कडू यांच्यानंतरची पाळी गुणाबाई घरत यांच्या घराची आहे. त्या दिवशी दुपारची भरती उतरली की आकडा घेऊन मी त्यांच्या दाराशी जाईन. तो टांगावयास दार असावे, इतकीच माझी मागणी आहे. अर्जातील बाकी सर्व युक्तिवाद आपण अमान्य केलेत तरी चालेल.

बुधवारच्या ओहोटीपर्यंत आपला आज्ञाधारक,

(सही)
ॲड. मुश्ताक हुसेन धुरू
पाळीदार, दांडखार उघाडी
पनवेल, दि. २१ जुलै २०२५

सोबत :
१) अंतरिम आदेशाची प्रत.
२) भराव परवानगीची प्रत, अट क्र. ७ अधोरेखित.
३) मंजूर नकाशा, पातळ्यांसह.
४) खचलेल्या बांधाचे छायाचित्र, दोरीच्या बाहेर उभे राहून काढलेले, दोरी छायाचित्रात दिसते.
५) दि. १७ जुलैचा रोजनामा.
६) दि. २० जुलै रोजीच्या संभाषणाचे टिपण, सह्या व अंगठ्यांसह.
७) कारणे दाखवा नोटिशीस माझा खुलासा. नोटीस अद्याप निघालेली नसल्याने तिचा क्रमांक व दिनांक कोरा सोडला आहे. कार्यालयाने भरून घ्यावा.
८) आकडा जोडलेला नाही. तो बुधवारी लागणार आहे.